कथेतला दादा

माझा पहिला मुलगा जन्माआधीच गेला. पहिल्या कथेत मी त्याला चार वर्षांचा केला आणि आमच्याच जिन्यावर बसवला. तीन वर्षांची लेक दुपारी झोपली की लिहायचे; तिला त्यातलं अक्षरही वाचून दाखवलं नव्हतं.

तरी ती जिन्यावर बिस्किट ठेवू लागली. "दादाला."

"कुठला गं दादा, चिमणे?" मी हसून विचारलं.

"आपला!"

संपादक फोनवर म्हणाले, "बाई, छान लिहिता. पण त्या पोराचं कथेत काम काय? काढा त्याला, लगेच छापतो."

छापून येण्याच्या हावेपायी मी त्याला एकेक ओळ करून खोडलं.

लेक डोळे चोळत आली. "आई, दादा रडतोय. विचारतोय, आईनं मला पुन्हा का घालवलं?"