जानेवारीचं बाळ

फुटबॉल प्रशिक्षकाच्या बायकोला तीस डिसेंबरच्या दुपारी कळा सुरू झाल्या. बाळाचे ठोके मंदावले, तशा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थांबायला नको, लगेच सिझेरियन करू. इथे सही करा."

नवऱ्याने पेन हातात घेतलं, पण ते कागदाला टेकेना. "डॉक्टर, दोन दिवस थांबता नाही का येणार?"

किती घाबरलाय बिचारा, असं वाटून बायकोने त्याचा हात धरला.

"नाही, म्हणजे फुटबॉलमध्ये मुलांचा वयोगट एक जानेवारीपासून मोजतात," तो समजावू लागला. "आमचा थोरला डिसेंबरअखेरचा. गटात सगळ्यांत चिमुकला. तो चेंडू घेऊन वळेपर्यंत वर्षभराने मोठी पोरं त्याला आडवा करून पुढे पळतात. शेवटी मीच त्याला संघातून काढला. निदान हे तरी गटात थोराड निघू दे!"

त्याचा हात झटकून तिने कागद ओढून घेतला आणि स्वतःच सही ठोकली.

तासाभराने बाळ सुखरूप तिच्या कुशीत आलं. दार ढकलून तो आत आला आणि तिच्याकडे न बघताच नर्सला म्हणाला,

"वजन तरी चांगलं भरलंय ना?"