एकत्र राहत असल्याचा पुरावा

सरकारी गाडी फाटकाशी येऊन थांबली तेव्हा बुआलाईला जाऊन तासही झाला नव्हता.

"कुणी रडायचं नाही," खाम्पुन आम्हा शेजाऱ्यांना म्हणाली. ती बुआलाईची थोरली बहीण. तिने बहिणीच्या हनुवटीखाली बांधलेली पट्टी सोडली, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि पंखा लावला. "भावोजी, तुम्ही तोंड उघडायचं नाही. ती आजारी आहे, झोपलीय, बस्स. फोटो काढतील आणि जातील. शिक्का एकदा बसला की वर्षभर कोण विचारायला येतंय?"

डेलने मान डोलावली. हा ओहायोचा म्हातारा चौदा वर्षं आमच्यात राहिला. चिकट भात हाताने खायला शिकला, आणि लहानथोर त्याला गावचा जावईच म्हणत. पण परदेशी माणसाला इथे राहायला परवाना लागतो आणि डेलचा परवाना बायकोच्या नावावर चालला होता. दरवर्षी अर्ज करायचा, मग कचेरीतून कुणीतरी येऊन दोघं खरंच एकत्र नांदतात का ते बघून जायचं. नुसत्या पेन्शनवर राहायचीही एक वाट असते, पण त्यासाठी बँकेत दाखवायची ठेव बुआलाईच्या दवाखान्यात केव्हाच संपली होती. बायको गेली की परवाना गेला. कायद्याला सुतक नसतं. तिकडे अमेरिकेत डेलचं आता कुणी उरलं नव्हतं.

गावचा मुख्या सुवित पाहुणीला घेऊन जिना चढला. साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावलं होतं. आलेल्या बाई गणवेशात होत्या, नाव नरूमोन. पायरीवर बूट काढताना त्यांनी विचारलं, "मुख्या, दोघं एकत्र राहतात?"

"चौदा वर्षं राहतायत."

"भांडणं?"

"भांडतात की. जावईबापूंना मासळीच्या लोणच्याचा वास सोसत नाही आणि तिला त्याशिवाय घास उतरत नाही." मुख्या बोलून गेला आणि मग छताकडे बघत राहिला.

"आणि त्या कुठायत?"

"आत. बरं नाही तिला. झोपलीय," खाम्पुन म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. जिने पाठच्या बहिणीला कडेवर खेळवलं, तिला हे वाक्य कसं उच्चारता आलं कोण जाणे.

नरूमोनबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. चादर हलत होती ती पंख्यानेच. बुआलाईचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. ओठावर एक माशी बसली, उठली, पुन्हा बसली. बाई बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी हात जोडले आणि कपाळापर्यंत नेऊन वाकल्या. झोपलेल्या माणसाला इतकं वाकून कुणी नमस्कार करत नाही. मुख्याने मान खाली घातली.

"झोपू दे त्यांना," बाई हळूच म्हणाल्या. "उठवू नका. मला एवढा एकच फोटो हवाय. काका, तुम्ही जवळ बसा. हात हातात घ्या त्यांचा."

खाम्पुनने दाराच्या चौकटीला घट्ट धरलं. खोलीत जे होतं ते सगळ्यांना कळलं होतं. अशा वेळी काय करायचं हे आमच्याकडे पोरासोरांनाही समजतं. झाकलेल्या भांड्यावरचं झाकण कुणी काढत नाही.

डेल बसला. त्याने बुआलाईचा हात हातात घेतला.

"इकडे बघा, काका."

त्याने वर पाहिलं. बाईंनी फोन समोर धरला होता. डेलचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला.

"ती गेलीय," तो म्हणाला. शुद्ध आमच्या बोलीत, एकही सूर न चुकता. "सकाळी गेली. मला असा फोटो नको तिच्याबरोबर."

मला फार राग आला त्याचा, अजूनही आहे. चौदा वर्षांत माणूस आमची भाषा शिकला, आमचं गप्प बसणं मात्र त्याला शिकता आलं नाही.

नरूमोनबाईंनी फोन खाली केला.

"काका," त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं का?"

डेलने बुआलाईचा हात आणखी घट्ट धरला.

"मी विचारलं नव्हतं. फक्त इकडे बघा म्हटलं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी फोन खिशात घातला. "आता माझ्या कानांनी ऐकलंय. मुख्यासमोर ऐकलंय. आता मला तसंच लिहावं लागेल."

"दहनापर्यंत तरी राहू देतील ना त्यांना?" मुख्याने विचारलं.

"तेवढी मुदत मिळेल. त्यापुढे माझ्या हातात काही नाही. काका, उद्या पासपोर्ट घेऊन कचेरीत या."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. खाम्पुन चौकटीशीच खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. मुख्याच स्वयंपाकघरात गेला आणि वाडग्यात पाणी घेऊन आला. त्यात त्याने अंगणातल्या मोगऱ्याची चार फुलं टाकली.

मरण एकदा कळलं की मेलेल्याच्या तळहातावर पाणी घालून क्षमा मागितल्याशिवाय आमच्याकडे कुणी त्या घरातून निघत नाही, मग तो सरकारचा माणूस का असेना. बाईंनी वाडगा घेतला आणि गुडघ्यांवर बसल्या. डेलने हात सोडला नव्हता. सोडा, असं त्याला कुणी म्हटलंही नाही. पाणी दोघांच्या हातांवरून चटईवर गेलं.

"झालंगेलं माफ करा," नरूमोनबाई म्हणाल्या. म्हणताना त्या बुआलाईकडे बघत नव्हत्या.