हाताने फिरवायचं यंत्र

ट्वायलाने दारातच बर्फात घालायचे बूट काढले, पण कोट काढला नाही. आर्लिसने ते बरोबर हेरलं.

"कॉफी टाकते," आर्लिस म्हणाली.

"नको गं. लगेच निघायचंय मला."

हे पहिलं 'नको' होतं. ते आर्लिसने मनावर घेतलं नाही. उत्तर मिनेसोटातल्या त्यांच्या गावात पहिल्या दोन 'नको'ना कोणी भीक घालत नाही. तिसऱ्यांदा विचारलं की पाहुणा "बरं, अर्धाच कप" म्हणतो आणि चांगले दोन कप रिचवून उठतो. रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या सकाळीच भाजून ओट्यावर कापून ठेवलेल्या होत्या.

ट्वायलाने पिशवीतून निळ्या चौकोनांचा गठ्ठा काढला. चर्चच्या गोधडीसाठी तिने ते घरी कात्रीने कापले होते. आर्लिसने पहिला आणि शेवटचा चौकोन एकमेकांवर ठेवला.

"मागच्या तुकड्यावर ठेवून पुढचा बेतत गेलीस ना?"

"पुठ्ठ्याचा नमुना हरवला. मग काय करू?"

"दर तुकडा पेन्सिलीच्या रेघेएवढा वाढतो अशाने. हा चाळिसावा बघ, पहिल्याचा थोरला भाऊ दिसतोय!"

दोघी हसल्या. ट्वायला आधी थांबली.

यंत्र जेवणाच्या टेबलावरच बसवलेलं होतं. बिडाचं, जड, दोन रूळ आणि बाजूला हाताने फिरवायचा दांडा. पात्यांच्या साच्यावर कापडाचे सहा पदर घालायचे, वर प्लास्टिकची पाटी ठेवायची आणि दांडा फिरवायचा. पलीकडून चौकोन बाहेर पडतात, सगळे अगदी एका मापाचे.

खरं तर आर्लिसला त्याची गरजच नव्हती. एकट्या बाईला गोधड्या लागतात किती? पूर्वी याच टेबलाशी तिच्याबरोबर आणखी चौघी कात्र्या घेऊन बसायच्या. एका गोधडीचं कापड कापण्यात चार दुपारी जायच्या आणि गावातलं एकही घर चर्चेतून सुटायचं नाही. मग एक ॲरिझोनाला लेकीकडे गेली, एकीची नजर गेली आणि उरलेल्या आपापल्या घरी कापू लागल्या. बायका पुन्हा याव्यात म्हणून आर्लिसने यंत्र घेतलं. आल्याही त्या. एकेकटी यायची, पंधरा मिनिटांत काम उरकायची, आभार मानून निघून जायची. चार दुपारींचं काम पंधरा मिनिटांवर आणून आर्लिसने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. मंगळवारी टपालवाल्याशी थंडीबद्दल दोन वाक्यं बोलली होती, त्यानंतर थेट आज शुक्रवार.

ट्वायलाने आणलेल्या नव्या कापडाची पहिली घडी आर्लिसने रुळांत सरकवली. दांडा ती मुद्दामच हळू फिरवत होती.

"वड्या ताज्या आहेत. कॉफीबरोबर खा दोन."

"नको गं, खरंच."

दुसरी घडी झाली, तिसरी झाली. टेबलावर चौकोनांचा ढीग वाढत चालला. पिशवीत आता एकाच घडीपुरतं कापड उरलं होतं.

"घोटभर तरी घे."

"आज नकोच, आर्लिस."

तिसरं 'नको'. ते मात्र खरं असतं. आर्लिसने मान हलवली आणि चौकोनांच्या चळतींवर हात फिरवत राहिली. त्या नीटच होत्या.

"एक विचारू?" ट्वायला म्हणाली. "खरं खरं सांग हं. मीही घेऊ का असलं एक? पैसे वसूल होतात का? कागदही कापतं म्हणे. चर्चमधल्या रविवारच्या शाळेसाठी दर वर्षी शंभर कागदी तारे कापून माझी बोटं मोडतात. आणि घरात यंत्र असलं की उठसूट तुझ्याकडे यायला नको. तुला तरी किती त्रास द्यायचा?"

आर्लिसचा हात दांड्यावरच राहिला. पैसे वसूल होत होते. यंत्रात खोट नव्हती, पाती अजून नव्यासारखी होती. हे सांगितलं की संपलं. पुढच्या महिन्यात ट्वायलाच्या टेबलावर असंच एक यंत्र येणार, आणि मग या दारात कोण बूट काढणार?

"घेऊ नकोस," ती म्हणाली.

"का गं?"

आर्लिसला खोटं बोलायची सवय नव्हती. सुचलं ते बोलून गेली. "तापतं ते."

"तापतं?"

"तीन-चार घड्या काढल्या की तापतं. मग अर्धा तास थांबावं लागतं. कधी पाऊण तास."

बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. यंत्राला ना वायर, ना मोटर. आणि ट्वायला ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याची बायको, तीस वर्षं नवऱ्याच्या हातात पाने-पकडी देणारी. आर्लिसचे कान लाल झाले. ती खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहू लागली.

ट्वायलाने यंत्राकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या वड्यांकडे. तिथे दोन बश्या काढून ठेवलेल्या होत्या, दोन कप, दोन चमचे. तिने हात पुढे करून वरच्या रुळावर तळवा टेकवला. बिडाचा रूळ बर्फासारखा गार होता. तिने तळवा तसाच ठेवला, थोडा वेळ.

"हो की," ती म्हणाली. "चांगलाच तापलाय."

मग तिने कोटाची बटणं काढली, कोट खुर्चीच्या पाठीला लावला आणि बसली. आणि त्या गावात कोणी कधी करत नाही ते केलं. स्वतःहून मागितलं.

"कॉफी टाकतेस का, आर्लिस? हे निवेपर्यंत."