तासाभराचं नाक

हवालदारांच्या नाकाला अपंगत्वाचे सगळ्यात वरचे टक्के मिळाले. पण ते अजून मिळालेच नाहीत असं आपण धरून चालू. कारण या घडीला निवृत्त हवालदार तपासणीच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेत आणि बायको कानाशी बजावतेय, "अहो, शिंकरू नका हं. मस्त चोंदलंय, तसंच राहू दे."

फौजेत हवालदारांना गोळी कधी लागली नाही. छावणीचा कचरा जाळायच्या खड्ड्यावर त्यांची नेमणूक होती. तिथल्या धुराने नाक चोंदलं ते चोंदलंच. बरोबरीचे लोक पदकं मिरवत, हवालदार रुमाल. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी गेले तर वैद्यकीय मंडळाने "साधं पडसं आहे" म्हणून याआधी त्यांना परत धाडलं होतं. अगदी नाकी नऊ आले होते, तेही बंद नाकात.

खरं दुखणं मात्र घरात होतं. नात झाल्यापासून जो तो तिची टाळू हुंगून वेडा होई. हवालदारही हुंगत, "वा!" म्हणत. धादांत खोटं.

मंडळाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "दोन्हीकडून बंद," त्यांनी लिहून घेतलं. मग आत नळी घालायची म्हणून औषधाचा फवारा मारला.

हवालदारांचे डोळे विस्फारले.

"फिनेल! अगं, फिनेलचा वास येतोय!"

"गप्प बसा! टक्के जातील!"

"आणि तू डोक्याचं तेल कधी बदललंस?"

"तुम्ही फौजेत होतात तेव्हा," बायको म्हणाली आणि चक्क लाजली.

"लिहिलेलं खोडणार नाही," डॉक्टर हसले. "फवाऱ्याचा गुण आहे. तासाभरात पुन्हा जैसे थे."

हवालदार ताडकन उठले. बाहेर बाकावर सुनेच्या मांडीवर नात झोपली होती. त्यांनी तिच्या टाळूला नाक लावलं. मग तिथून हललेच नाहीत.

"बाबा, रडताय?" सून घाबरली.

"छे! नाक गळतंय."

मागून कारकून धापा टाकत आला. "अहो हवालदार, निकाल तरी ऐका! सगळ्यात वरचे टक्के दिलेत तुम्हाला! काही हरकत असेल तर आत्ताच मंडळाला कळवा."

हवालदारांनी टाळूवरून नाक न उचलताच कळवलं, "टक्क्यांबाबत हरकत नाही. सदर तास मात्र मंडळाने वाढवून द्यावा, ही नम्र विनंती."