वेटिंग रूममधले मासे

पेशंटची भीती जावी म्हणून दातांच्या डॉक्टरांनी वेटिंग रूममध्ये समुद्री माशांचा टँक बसवला आणि तो सांभाळायचं काम रिसेप्शनच्या ताईंच्या गळ्यात पडलं. महिन्याभरात सातातले पाच मासे गायब झाले.

"ताई, तुम्ही उपाशी मारताय त्यांना," डॉक्टर म्हणाले. "आणखी एक कमी झाला, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"उपाशी मेले असते तर निदान तरंगले तरी असते," ताई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी खोली गच्च भरली होती. पुढच्या पेशंटला बोलवायला डॉक्टर दारात आले, तेवढ्यात टँकच्या वाळूतून गांडुळासारखा एक जाडजूड समुद्री किडा सटकन हातभर वर आला, जबडा वासून त्यानं पिवळा मासा पकडला आणि वाळूत ओढून नेला. दोन मिनिटांत खोली रिकामी झाली. दाढ काढायला आलेले आजोबा तर "आता काही दुखत नाही हो" म्हणत काठी विसरून पळाले.

"आता तरी पटलं ना डॉक्टर, मासे कोण मारत होतं ते?"

डॉक्टरांची नजर वाळूवरून हलेना.

 

"त्याला हात लावू नका ताई. वीस वर्षांत एवढा मोठा आ एकाही पेशंटनं केलेला नाही."