चौथा नंबर

बॅटिंगच्या यादीत मी आजही चौथ्या नंबरवर फेर्मिनचं नाव लिहिलं. दोन वर्षांपूर्वी तो होडीतून पोर्तो रिकोला निघाला, पोचल्याचं कळलंच नाही. आमच्या रविवारच्या बेसबॉल लीगमध्ये पाळीला गैरहजर माणूस बाद धरतात. "कॅप्टन, आज फायनल आहे रे, खोड ते नाव!" सगळे म्हणाले. मी खोडलं नाही. शेवटच्या डावात जिंकायला दोन धावा हव्या होत्या, आमचे दोन गडी बाद झाले होते, दुसऱ्या नि तिसऱ्या बेसवर आमची माणसं होती नि बॅट माझ्या हातात. त्यांच्या पिचरनं मुद्दाम चारही चेंडू लांब टाकून मला फुकट पहिल्या बेसवर धाडलं. पुढची पाळी कुणाची, त्याला ठाऊक होतं. पंचांनी हाक मारली, "फेर्मिन!" मग शेवटचा बाद द्यायला हात उचलला. "थांबा हो जरा," फेर्मिनची आई ओरडली, "कार्ट्याला नेहमीच उशीर होतो!" पंच थांबले. दोन्ही संघ समुद्राकडे बघत राहिले.