ठिपक्यांची चाचणी

“काकू, हा पूर्ण उलटा दुमडतो. लॅपटॉपचा टॅब होतो बघा!” विक्रेत्याने दुकानातला सर्वांत स्वस्त टचस्क्रीन लॅपटॉप उलटा दुमडून काउंटरवर सपाट ठेवला.

कुमुदिनीबाई भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. शब्दापेक्षा प्रयोगावर त्यांचा विश्वास अधिक. वीजबिल भरणे, भाचीशी गप्पा मारणे एवढ्यासाठी कोणताही लॅपटॉप चालला असता. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दोन दिवाळ्या त्यांचे अंगण रांगोळीवाचून सुने गेले होते. खुर्चीत बसून ठिपक्यांची रांगोळी काढता येईल असा पडदा त्यांना हवा होता.

काउंटरपुढच्या खुर्चीत बसून त्यांनी पडद्यावर कोरे पान उघडून घेतले, बोटाने ठिपके मांडले आणि ते जोडायला सुरुवात केली. रेघ कडेपर्यंत गेली, कुठेही तुटली नाही. पाहता पाहता कासव आकाराला आले.

“शेपूट राहिलं की हो!” शेजारच्या गिऱ्हाईक बाई ओरडल्या.

“धीर धरा, येतंय.”

विक्रेता खुशीत सीलबंद खोके घेऊन आला.

“निष्कर्ष या नगापुरता आहे,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “खोक्यातल्याविषयी मला काहीच ठाऊक नाही. उघडा.”

“काकू, कंपनी तीच, मॉडेल तेच!”

“पेटीतले आंबेही एकाच बागेतले असतात. तरी आपण हुंगून घेतोच ना?”

त्याने खोके फोडले. चाचणीला एक सरळ रेघ पुरली असती, हे कुमुदिनीबाईंना पक्के ठाऊक होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला आणि मोराचे ठिपके मांडायला घेतले.